वहीच्या शेवटच्या पानावरील दोन ओळी: शिक्षकांच्या मानसिक आरोग्य प्रशिक्षणाचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण मराठवाड्यातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात असलेल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेचे आहे. कोणाचीही ओळख पटू नये म्हणून गावाचा आणि कुटुंबाचा काही तपशील बदलला आहे. घटनांचा क्रम आणि प्रत्येक टप्प्यावर घेतलेले निर्णय मात्र जसे घडले तसेच दिले आहेत. या शाळेतील शिक्षकांना प्रशिक्षण देणारी समुपदेशक मी होते आणि पुढे जे चुकले त्यातील एक महत्त्वाची चूक माझ्या प्रशिक्षणातच होती, हे आधीच नोंदवते.

शाळेत पाचवी ते दहावीचे सुमारे ६०० विद्यार्थी, १९ शिक्षक आणि ४ शिक्षकेतर कर्मचारी आहेत. परिसरातील बरीच कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यात परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादमाकडून मिळणारी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यांच्या हिशोबाने ठरते. आई-वडील गेले की मुले आजी-आजोबांकडे राहतात. वयात आलेल्या मुलींकडे स्वयंपाक, पाणी आणि धाकट्या भावंडांचे पाहणे येते. मुलींची लग्ने लवकर होण्यामागे या व्यवस्थेचा मोठा वाटा आहे, कारण एक लग्न झाले की एक नवा कोयता तयार होतो.

शाळेत समुपदेशक नव्हता. मानसोपचारतज्ज्ञ ६५ किलोमीटरवरील जिल्हा रुग्णालयात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक महिन्यातून एक दिवस उपजिल्हा रुग्णालयात येत असे. तो दिवस कोणता, हे शाळेत कोणालाही माहीत नव्हते आणि प्रशिक्षणात मीही ते विचारले नाही.

प्रशिक्षणाचे स्वरूप

केंद्र सरकारने २०२० मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली जो शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू केला, त्यात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनी आरोग्यदूत म्हणून काम करावे अशी अपेक्षा आहे. या शाळेत मराठीच्या शिक्षिका आणि विज्ञानाचे शिक्षक यांची निवड झाली होती. मुख्याध्यापकांची इच्छा मात्र सर्वच शिक्षकांना किमान ओळख व्हावी अशी होती, म्हणून जून २०२३ मध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी दोन दिवसांचे प्रशिक्षण ठरले.

पहिल्या दिवशी किशोरवयातील बदल, ताणाची आणि नैराश्याची लक्षणे, ऐकण्याची कौशल्ये आणि गोपनीयता हे विषय घेतले. दुसऱ्या दिवशी मानसिक प्रथमोपचाराची ‘पाहा, ऐका, जोडून द्या’ ही तीन पायऱ्यांची पद्धत, लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा आणि शिक्षकांचा स्वतःचा ताण यांवर काम झाले. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते, हा आकडा मी पहिल्याच सत्रात फळ्यावर लिहिला. जेवणाच्या सुट्टीत दोन शिक्षक नववी-दहावीच्या हजेरीपटावरून अशी मुले कोण असतील याचा अंदाज बांधताना दिसले. मी तेव्हा त्यांना थांबवले, पण त्यातून घ्यायचा धडा घेतला नाही. मुले ओळखण्याची घाई त्यांना माझ्या मांडणीतूनच लागली होती. ओळखल्यानंतर काय करायचे, याला मी ११ तासांतील जेमतेम ४० मिनिटे दिली होती.

शेवटी घेतलेल्या चाचणीत बहुतेकांना चांगले गुण मिळाले आणि त्या गुणांवर आम्ही सगळे समाधानी राहिलो.

समस्या

नववीतील एका विद्यार्थिनीबाबत पहिली नोंद गणिताच्या शिक्षकांनी केली. ही मुलगी गणितात हुशार. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती वर्गात डुलक्या घेऊ लागली, सोमवारी गैरहजर राहू लागली आणि घटक चाचणीत तिने निम्मे प्रश्न कोरे सोडले. सरांनी ही गोष्ट शिक्षक-खोलीत बोलून दाखवली. तेथे सर्वांना तिचे एकच कारण दिसले: आई-वडील तोडीवर गेले आहेत, घरचे काम तिच्या अंगावर पडले आहे. कारण खरेच होते, म्हणूनच त्याच्या पलीकडे कोणी पाहिले नाही. ज्या परिस्थितीतून वर्गातील निम्मी मुले जात असतात, त्या परिस्थितीत एखाद्याच मुलाचे दुःख वेगळे ओळखू येणे फार अवघड असते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निबंधाच्या वह्या तपासताना मराठीच्या मॅडमना तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेल्या दोन ओळी दिसल्या. आपल्यामुळे घरच्यांना त्रास आहे आणि आपण नसलो तर बरे होईल, अशा अर्थाच्या त्या ओळी होत्या. प्रशिक्षणामुळे मॅडमनी त्यांकडे दुर्लक्ष केले नाही, मुलीला सर्वांसमोर हाकही मारली नाही. शाळा सुटल्यावर त्यांनी तिला ग्रंथालयात बोलावले आणि शेजारी बसवून विचारले, “बाळा, हे तू लिहिलंस. मला तुझी काळजी वाटते. काय होतंय गं?”

मुलगी बराच वेळ रडली. मग म्हणाली, “मॅडम, तुम्ही कुणाला सांगणार नसाल तर सांगते.”

पहिला निर्णय: वचन द्यावे की नाही

मॅडमनी वचन दिले. मुलीने त्या दिवशी एवढेच सांगितले की झोप लागत नाही, जेवण जात नाही आणि सगळे संपावे असे वाटते. कारण सांगितले नाही. मॅडमनी तिला धीर दिला, रोज भेटायला सांगितले आणि हे सारे चार दिवस स्वतःपुरते ठेवले. त्या चार दिवसांत त्या रोज सकाळी मुलगी वर्गात आली आहे ना, हे पाहण्यासाठी हजेरी होण्यापूर्वीच नववीच्या दारात जाऊन उभ्या राहत असत. रविवारी त्यांना काहीच कळण्याचा मार्ग नव्हता. पाचव्या दिवशी रात्री त्यांनी मला फोन केला आणि पहिलेच वाक्य म्हणाल्या, “मी तुम्हाला सांगते आहे, म्हणजे माझं वचन मोडलं का?”

हे वचन त्यांनी का दिले, हे शोधताना मी माझी जूनमधील सादरीकरणाची पाने उघडली. गोपनीयतेच्या पानावर एकच ओळ होती: ‘विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवा.’ जिवाला धोका असेल, अत्याचार होत असेल किंवा होण्याची शक्यता असेल, तर ती गोष्ट गुप्त ठेवता येत नाही आणि हे मुलाला बोलणे सुरू होण्यापूर्वीच सांगायचे असते, ही मर्यादा त्या पानावर नव्हती. लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणे कायद्याच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे, हे मी दुसऱ्या दिवशी शिकवले होते; पण पहिल्या दिवसाच्या गोपनीयतेशी त्याचा सांधा जोडला नव्हता. मॅडमनी जे केले ते प्रशिक्षणाला धरूनच होते.

कोणते वाक्य उपयोगी पडले असते, हे आज मला नेमके सांगता येते. “तू जे सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं, तर तुला मदत करू शकेल अशा एका माणसाला मी सांगेन, आणि आधी तुला विचारून, तुझ्यासमोर सांगेन.” असे ऐकल्यावर काही मुले गप्प होतात, ही भीती खोटी नाही. पण माझा अनुभव असा आहे की बहुतेक मुले क्षणभर थांबतात आणि मग बोलतात, कारण आपल्या ओझ्याला कोणीतरी खरोखर हात लावणार आहे हे त्यांना या वाक्यातून समजते.

दुसरा निर्णय: थेट विचारावे की नाही

त्या फोनवर मी मॅडमना पहिला प्रश्न विचारला तो असा की, मरणाचे विचार येतात का आणि तसे काही करण्याचे ठरवले आहे का, हे तुम्ही मुलीला विचारले का? त्यांनी विचारले नव्हते. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, असे त्यांना वाटत होते. ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे: शांतपणे, थेट शब्दांत विचारल्याने धोका वाढत नाही, उलट मुलाला बोलण्याची वाट मिळते. हे मी प्रशिक्षणात सांगितले होते, परंतु एकाही शिक्षकाला ते शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारायला लावले नव्हते. ऐकलेले वाक्य आणि जिभेवर बसलेले वाक्य यांत किती अंतर असते, हे मला त्या रात्री उमगले.

आम्ही फोनवरच तीन प्रश्नांचा सराव केला. मुलीच्या घराशेजारी राहणाऱ्या आशाताईंना (गावातील आरोग्य स्वयंसेविकेला) मॅडम ओळखत होत्या. कारण न सांगता, पोरीला बरे नाही एवढे सांगून, त्या रात्री आजीजवळ थांबण्याची विनंती त्यांना केली. टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा निःशुल्क क्रमांक मॅडमनी टिपून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी मुलीला वचनाबद्दल खरे ते सांगितले: “मी तुला जे बोलले ते मला पूर्ण पाळता येणार नाही, माझं चुकलं.” मुलगी रागावली, उठून दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली. मग थेट प्रश्न विचारल्यावर तिने सांगितले की विचार येतात, पण काही करण्याचे ठरवलेले नाही. आणि त्यानंतर तिने कारण सांगितले. आई-वडील उन्हाळ्यात परत आले की तिचे लग्न होणार होते. मुलगा वडिलांच्याच ऊसतोड टोळीतील होता आणि पुढच्या हंगामाच्या उचलीत तिचा आणि त्या मुलाचा कोयता धरल्याचे तिने दिवाळीत ऐकले होते. तिचे वय तेव्हा साडेचौदा वर्षांचे होते.

समोर असलेले पर्याय

त्याच दुपारी मुख्याध्यापक, मॅडम, विज्ञानाचे शिक्षक आणि फोनवर मी असे चौघे बोललो. हे मानसिक आरोग्याचे प्रकरण आहे की बालसंरक्षणाचे, हा पहिला पेच होता. प्रशिक्षणाने शिक्षकांच्या मनात मानसिक आरोग्य म्हणजे लक्षणे आणि डॉक्टर अशी जोडी बसवली होती. त्यामुळे मुलीला डॉक्टरांकडे नेले की आपले काम झाले, असा सूर प्रथम निघाला. पण जिचे लग्न ठरले आहे तिची झोप औषधाने परत आली, तरी उन्हाळा यायचा थांबणार नव्हता. दुसरीकडे, केवळ लग्न थांबवण्यामागे लागलो असतो तर न जेवणारी, न झोपणारी आणि मरणाचे विचार येणारी मुलगी तशीच राहिली असती. दोन्ही वाटा एकाच वेळी चालाव्या लागणार होत्या.

आई-वडिलांना लगेच कळवावे का, यावर सर्वांत जास्त वेळ गेला. ते सुमारे ३०० किलोमीटरवर फडात होते. बालकल्याण समितीला आणि १०९८ या बालक मदत क्रमांकाला कळवावे का, यावर मुख्याध्यापकांनी जो आक्षेप घेतला तो मी येथे पूर्ण देते, कारण तो भेकडपणाचा नव्हता. ते म्हणाले, “पोलीस दारात गेले तर हे लग्न थांबेल. पण पुढच्या वर्षी तोडीवर जाणारा एकही बाप मुलीला माझ्या शाळेत ठेवणार नाही. त्या मुलींचं काय?” हा प्रश्न खरा होता. तरीही कळवणे आवश्यक होते. बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार विवाहाचे वय होण्यापूर्वी लग्न होण्याचा धोका असलेले मूल हे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले बालक ठरते, आणि असे मूल समोर असताना शाळेने गप्प राहणे योग्य नव्हते. आमच्या हाती एवढेच होते की कळवताना कसे कळवायचे ते ठरवावे.

प्रत्यक्ष कृती

मुख्याध्यापकांच्या खोलीतून, मॅडम शेजारी बसलेल्या असताना, मुलीने १४४१६ वर मराठीतून बोलणे केले. दुसऱ्या दिवशी विज्ञानाचे शिक्षक, मॅडम आणि आजी तिला घेऊन जिल्हा रुग्णालयात गेले. आजीने तोपर्यंत आपल्या परीने उपाय केलेच होते: “पोरगी जेवंना, झोपंना. म्हणून अंगारा लावला, नारळ उतरवला.” मॅडमनी त्यावर वाद घातला नाही. अंगारा असू द्या, सोबत डॉक्टरांनाही दाखवू, एवढेच त्या म्हणाल्या आणि आजी एसटीत बसली. डॉक्टरांनी मध्यम स्वरूपाचे नैराश्य असल्याचे सांगितले, पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावले आणि घरात रात्री कोणी मोठे माणूस सोबत असावे अशी सूचना केली.

आई-वडिलांना केलेला पहिला फोन मात्र चुकला. काय बोलायचे हे आधी ठरवले नव्हते; मुख्याध्यापक घाईत “मुलीची तब्येत बरी नाही, लवकर या” एवढेच बोलले. वडील त्या रात्री मिळेल त्या वाहनाने निघाले आणि मुलगी हाती लागेल की नाही या धास्तीने सकाळी शाळेत पोहोचले. ती वर्गात बसलेली पाहून त्यांना आधी संताप आला. बुडालेल्या मजुरीचा आणि मुकादमाच्या बोलण्याचा ताण त्यात होता. तासाभराने ते जे बोलले ते मॅडमनी लिहून ठेवले आहे: “मागं सोडून गेलो तर रातीला झोप लागत न्हाई. वयात आलेली पोर, म्हातारी एकटी. लगीन करून दिलं म्हंजी तेवढा घोर तरी मिटतो.”

या वाक्याने चर्चेची दिशा बदलली. मुलीच्या सुरक्षिततेची भीती ही लग्नामागील खरी भीती असेल, तर कायद्याच्या धाकासोबत त्या भीतीलाही उत्तर द्यावे लागणार होते. १०९८ ला कळवले गेले, बालविवाह प्रतिबंधक अधिकारी या नात्याने ग्रामसेवकांना सांगितले गेले आणि जानेवारी २०२४ मध्ये बालकल्याण समितीने आई-वडिलांकडून १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत लग्न न करण्याचे हमीपत्र घेतले. पोलीस गावात गेले नाहीत. समितीपुढे वडील स्वतः मुख्याध्यापकांसोबत गेले. त्याच वेळी ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठीच्या शासकीय वसतिगृहात पुढील वर्षी प्रवेश मिळावा यासाठी अर्ज भरला.

परिणाम

मुलीचे लग्न झाले नाही. जून २०२४ मध्ये ती वसतिगृहात गेली आणि २०२५ च्या दहावीच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. झोप आणि जेवण दोन-तीन महिन्यांत सुधारले. नववीच्या वार्षिक परीक्षेतील गुण मात्र बरेच खाली आले होते. रुग्णालयाच्या ठरलेल्या भेटींपैकी दोन चुकल्या, कारण त्या दिवशी सोबत जायला आजीलाही जमले नाही आणि शिक्षकांनाही. टोळीतील काही कुटुंबे वर्षभर वडिलांशी नीट बोलत नव्हती आणि घेतलेली उचल फेडताना त्यांच्यावर कर्ज झाले. आमच्या योग्य ठरलेल्या निर्णयाची ही किंमत त्या घराने दिली आहे.

पुढच्या वर्षी मुख्याध्यापकांची भीती पूर्णपणे खरी ठरली नाही, पण खोटीही ठरली नाही. दोन मुलींना आई-वडिलांनी शाळेतून काढून सोबत नेले. त्याचे कारण हेच प्रकरण होते की दुसरे काही, हे त्यांनी सांगितले नाही.

मराठीच्या मॅडमनी जून २०२४ मध्ये आरोग्यदूताच्या कामातून मुक्त करण्याची लेखी विनंती केली. कारण म्हणून त्यांनी लिहिले होते की डिसेंबरपासून कोणत्याही मुलाची वही उघडताना त्या आधी शेवटचे पान पाहतात.

काय वेगळे करता आले असते

प्रशिक्षणाची बांधणी मी आता उलट्या टोकाने करते. पहिल्या तासात लक्षणे नसतात. पहिल्या तासात शाळेपुढे एक कोरा कागद असतो आणि त्यावर कोणाला, कोणत्या क्रमाने, कोणत्या क्रमांकावर कळवायचे, उपजिल्हा रुग्णालयात पथक कोणत्या वारी येते, मुलाला घेऊन कोण जाणार, एसटीचे भाडे कोणत्या खात्यातून देणार हे लिहिले जाते. हा कागद पूर्ण झाल्याशिवाय मी पुढे जात नाही. एका शाळेत त्यातच अख्खी सकाळ गेली, आणि ती सकाळ मला वाया गेली असे वाटत नाही. गोपनीयतेची मर्यादा आणि मरणाच्या विचारांबद्दलचे थेट प्रश्न प्रत्येक शिक्षक जोडीदारासमोर मोठ्याने बोलून दाखवतो. सुरुवातीला सर्वांनाच अवघडल्यासारखे होते. तिसऱ्या-चौथ्या वेळी आवाज स्थिर होतो. पालकांना करायच्या पहिल्या फोनचाही सराव आम्ही घेतो, आणि त्यात ‘मुलगी सुखरूप आहे’ हे वाक्य सर्वांत आधी येते.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना बोलावले नव्हते, ही दुसरी मोठी चूक. जून २०२४ च्या सत्रात शाळेतील शिपाईमामा सहज म्हणाले की ती मुलगी दिवाळीनंतर रोज मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे एकटी बसत असे. डबा उघडत नसे. वहीतील ओळी सापडण्यापूर्वी महिनाभर ही गोष्ट त्यांना माहीत होती आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शिक्षणसंस्थांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत शिक्षकांसोबत शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे आणि १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा असे म्हटले आहे. या शाळेत असा समुपदेशक अजून आलेला नाही.

चार दिवसांचा विलंब टळला असता का, याचे उत्तर मला निश्चितपणे होय असे देता येते. मॅडमकडे माझा क्रमांक होता, पण फोन करणे म्हणजे मुलीचा विश्वासघात असे त्यांना वाटत होते, आणि तसे वाटावे अशीच सोय मी करून ठेवली होती. लग्न ठरल्याची गोष्ट दिवाळीतच कळू शकली असती का, याचे उत्तर मात्र मला देता येत नाही. आई-वडील तोडीवर जाण्यापूर्वी, दसऱ्याच्या आधी, वर्गशिक्षकांनी अशा प्रत्येक घरी जाऊन मागे कोण राहणार आणि रात्री सोबत कोण असणार एवढे दोन प्रश्न विचारावेत, असा क्रम शाळेने २०२४ पासून सुरू केला आहे.

मॅडमच्या विनंतीवर मुख्याध्यापकांनी तडजोड सुचवली: काम तिघांत वाटले जाईल, कोणतेही प्रकरण एका शिक्षकाकडे एका दिवसापेक्षा जास्त एकट्याकडे राहणार नाही, महिन्यातून एकदा माझ्याशी तिघांची बैठक होईल आणि आठवड्यात दोन तासिका या कामासाठी वेळापत्रकात लिहिल्या जातील. मॅडमनी ते मान्य केले. त्या दोन तासिका वेळापत्रकात आहेत. एखादे शिक्षक रजेवर गेले की बदलीचा तास आधी त्यांवरच येतो. किती तासिका अशा गेल्या याची नोंद मॅडम स्वतः वहीत ठेवतात आणि दर महिन्याच्या बैठकीत ती वही मुख्याध्यापकांसमोर ठेवतात.